नवी बॅटरी टाकूनही सेल्फ जड फिरतो: स्टार्टर काढण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. दर्यापूर तालुक्यातलं गाव, नऊ वर्षं जुनी डिझेल गाडी. दिवाळीनंतर सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारला की इंजिन जड फिरतं, दुपारी बऱ्यापैकी उचलतं. बॅटरी नवी टाकली, वीस-पंचवीस दिवस छान गेले, मग पुन्हा तेच. आता मेकॅनिक म्हणतो स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवणारी सेल्फची मोटर, नवा टाकू. आणि शेवटी एक ओळ: "दसऱ्याला क्लचप्लेट बदलली होती, पण त्याचा काही संबंध नसावा."

भाऊ, संबंध असू शकतो. माझा पहिला संशय तिथंच आहे. पण मी गाडी पाहिलेली नाही, त्यामुळे संशयावर पैसे खर्च करू नका. दोनशे-तीनशे रुपयांचं डिजिटल मीटर आणा आणि एक माणूस सेल्फ मारायला सोबत घ्या. अर्ध्या तासात कळेल.

आधी कानाने ठरवा. इंजिन फिरतं पण थकल्यासारखं, दर दाबाला अडखळत, तर हे उत्तर तुमच्यासाठी आहे. इंजिन भराभर फिरूनही पेटत नसेल तर ते डिझेल, हवा, ग्लो प्लग (थंडीत डिझेल पेटायला सिलिंडर तापवणारा प्लग) यांचं दुखणं, त्याची वाट वेगळी. ग्लो प्लग गेल्याने सेल्फ हळू होत नाही, तरी हिवाळ्यात जड सेल्फसाठी ग्लो प्लग बदलून घेतलेली माणसं माझ्याकडे येतात. एकच "टक्" आणि पुढे शांतता असेल तर सोलनॉईडचे, म्हणजे स्टार्टरला करंट जोडणाऱ्या मोठ्या स्विचचे, आतले तांब्याचे संपर्क जळालेले असतात किंवा मोटर जाम. शिवणयंत्रासारखं टकटकटक वाजत राहिलं तर बॅटरी बसलेली किंवा टर्मिनल ढिलं.

आता तुमच्या विहिरीकडे चला. खांब लांब असला आणि केबल बारीक टाकली तर काय होतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. खांबावर व्होल्टेज ठीक दिसतं, पंप सुरू केला की मोटरपाशी पडतं, मोटर गुरगुरते आणि पाणी काही फेकत नाही. तेव्हा शहाणा माणूस आधी केबल आणि जोड बघतो, मोटर नंतर काढतो. पाच हॉर्सपॉवरचा तीन फेजचा पंप साधारण सात-आठ अँपिअर घेतो. पेट्रोल गाडीचा सेल्फ १०० ते २०० अँपिअर ओढतो, डिझेलचा २०० ते ४००. एवढा करंट जिथून जातो तिथे ०.०१ ओहमचा अडथळा आला, तरी २०० अँपिअरवर २ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. बारापैकी दोन गेले की सेल्फ रडणारच.

हा ०.०१ ओहम साध्या मीटरला दिसत नाही. म्हणून मीटरचा बझर लावून "पीं वाजलं, वायर चांगली आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. केबलच्या शंभर तारांपैकी नव्व्याण्णव तुटल्या आणि एक उरली, तरी बझर वाजतो. वाटेतला अडथळा शोधायचा तर करंट वाहत असतानाच, म्हणजे सेल्फ फिरत असतानाच मोजावं लागतं. याला आम्ही व्होल्टेज ड्रॉप बघणं म्हणतो. माझ्या मते जड सेल्फसाठी याहून भरवशाची तपासणी नाही, आणि आमच्याच धंद्यात ती सगळ्यांत कमी केली जाते, कारण स्टार्टर बदलण्यात चार पैसे सुटतात.

पण आधी बॅटरी. नवी आहे म्हणून सोडू नका. रात्रभर गाडी उभी राहू द्या आणि सकाळी सेल्फ मारण्याआधी मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून दोन्ही खुंट्यांवर लावा. १२.६ किंवा वर म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर हा आकडा फसवा येतो, वरवरचा चार्ज दिसतो. अशा वेळी हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, मग मोजा. आता सोबत्याला सेल्फ मारायला सांगा आणि मीटर त्याच खुंट्यांवर धरून ठेवा. फिरताना आकडा ९.६ च्या खाली जायला नको. चांगल्या बॅटरीवर तो दहाच्या वरच राहतो. गाडी सुरू झाल्यावर तिथेच १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे. तेरा-सव्वातेरावरच अडकलं तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, किंवा त्याचा पट्टा बघा, कारण मग कितीही नवी बॅटरी आणली तरी ती उपाशीच राहणार.

पाणी टाकायची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरही, म्हणजे अ‍ॅसिडची घनता मोजायची नळी, लावा. आपल्याकडच्या बॅटरीत पूर्ण चार्जला १.२४० ते १.२६० यायला हवं. सहा कप्प्यांपैकी एकाचं वाचन बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल, तर तो कप्पा गेला आणि त्याच्यासोबत बॅटरीही. सीलबंद बॅटरीच्या डोळ्यातला हिरवा ठिपका सहापैकी एकाच कप्प्याचं सांगतो. बाकी पाचांबद्दल तो मुका आहे.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर जरा थांबतो, कारण तुम्ही खारपाणपट्ट्यातले आहात. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या या पट्ट्यात बोअरच्या पाण्याची काय गत आहे ते सांगायला नको. उन्हाळ्यात कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो, दगडासारखा, बोटाने निघत नाही, तोच तुम्ही बॅटरीत ओतता. क्षारातलं क्लोराईड पॉझिटिव्ह प्लेटची जाळी खातं, पाण्यात लोह असेल तर बॅटरी उभ्या-उभ्या स्वतःच उतरते. "आरओचं पाणी टाकलं ना भाऊ, कॅनचं," असं सांगणारे रोज भेटतात. आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, संपलेले नसतात. डिस्टिल्ड वॉटरच टाका, प्लेटांच्या वर बोटभर, आणि अ‍ॅसिड कधीही टाकू नका. पाणी उडून जातं, अ‍ॅसिड आतच राहतं.

दुसरी गोष्ट उन्हाची. बॅटरी थंडीत मेली असं वाटतं, पण ती मरते मे महिन्यात. ४५ अंशांत बोनेटखाली ती भाजत असते, पाणी उडतं, प्लेटा गळतात. उन्हाळ्यात इंजिन ऑइल पातळ असतं, थोडक्या जोरावर फिरतं, म्हणून कळत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पहाटे ऑइल घट्ट होतं, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि मे महिन्यातलं दुखणं तेव्हा बाहेर पडतं.

तुमची बॅटरी मात्र नवी आहे, म्हणून माझा रोख वाटेवर आहे. तुमच्या मनात येईल की वाट खराब असती तर नवी बॅटरी वीस दिवस तरी कशी चालली? आणि दुपारी सेल्फ नीट कसा फिरतो, खराब जोड काय ऊन पाहून सुधारतो? बरोबर विचार आहे. पण अडथळ्यात किती व्होल्ट पडतात हे करंटवर अवलंबून असतं. सकाळी इंजिन जड, सेल्फ जास्त करंट मागतो, तेवढे जास्त व्होल्ट त्याच जोडात पडतात. दुपारी इंजिन हलकं, करंट कमी, नुकसानही कमी. नवी बॅटरी भरलेली असते तोवर खुंट्यांवर अर्धा-पाऊण व्होल्ट जास्त टिकवते, त्यात वाटेतलं नुकसान झाकलं जातं. मग ती जराशी उतरली किंवा एक थंड पहाट आली, की झाकण उघडतं.

आता मोजू. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. इंजिन मध्येच सुरू झालं तर वाचन घेता येत नाही, म्हणून पेट्रोल गाडीत फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून ठेवा. डिझेलमध्ये डिझेल पंपावरच्या, इंजिन बंद करायच्या सोलनॉईडची वायर काढली की भागतं. नव्या पद्धतीच्या डिझेलमध्ये ती नसते, तिथे कुठला फ्यूज काढायचा ते गाडीच्या पुस्तकात पाहा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर तपासता तपासता चांगला स्टार्टर जाळाल. खांद्यावरचा दुपट्टा काढून ठेवा, हातातलं कडं काढा, आणि बॅटरीवर वाकून विडी ओढू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

पहिलं माप अर्थचं, म्हणजे इंजिन आणि बॉडीतून करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत येतो त्या वाटेचं. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, शिशाच्या खुंटीवरच, वरच्या क्लॅम्पवर नाही. दुसरी पिन स्टार्टरच्या धातूच्या अंगावर, खरवडून चमक काढलेल्या जागी. सेल्फ मारा. ०.२ पर्यंत छान, ०.३ चालेल. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर तुम्हाला चोर सापडला.

दुसरं माप पॉझिटिव्हचं. एक पिन पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरी स्टार्टरवरच्या त्या मोठ्या नटवर जिथे बॅटरीची जाड केबल येते. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. तिसरं माप सोलनॉईडच्या दोन मोठ्या नटांमध्ये, फिरतानाच बघायचं. सेल्फ बंद असताना तिथे १२ दिसणारच, घाबरू नका. फिरताना ०.३ पर्यंत ठीक.

जिथे जास्त आलं तिथे पुढे सरकत जा. खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबलचं टोक, टोक ते बोल्ट. प्रत्येक जोडावर ०.१ च्या वर नको. आकडा जिथे उडी मारतो तो जोड खराब. मीटर तुमच्यासाठी खुणा करत जातं, अंदाज बांधायची गरज नाही. आणखी एक जुनी युक्ती, दहा सेकंद सेल्फ मारून लगेच जोडांना हात लावा. जो जोड तापला तिथे व्होल्ट जळत आहेत.

आता क्लचप्लेट. क्लच बदलायला गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. त्यासाठी बहुतेक गाड्यांत स्टार्टर सोडवतात, आणि गिअरबॉक्सला लावलेली अर्थची पट्टी, ती तांब्याची वेणीसारखी विणलेली, तीही सोडवतात. परत बांधताना तीन ठिकाणी घोळ होतो. पट्टी लावायची राहून जाते. किंवा लागते, पण माती, गंज किंवा रंगावर लागते. आपली काळी माती पावसाळ्यात खालच्या अंगाला थापली जाते आणि सुकल्यावर सिमेंटसारखी धरते, बोल्ट कसला तरी धातूला धातू भिडतच नाही. किंवा स्टार्टरचा मोठा नट हातानेच आवळलेला राहतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका गुरुजींची गाडी आली होती, असंच जड फिरणं. मी ऐकलं, मान डोलावली आणि स्टार्टर उतरवला. कार्बन (आत फिरणाऱ्या भागाला करंट देणारे तुकडे) बदलले, बुश (दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) बदलले, बसवला, जरा बरं वाटलं. चार दिवसांनी गुरुजी परत. मी म्हटलं आता नवाच टाकू. टाकला. आठवड्याने पुन्हा तेच, आणि यावेळी ते म्हणाले, "भाऊ, सेल्फ मारला की जळाल्याचा वास येते." बोनेट उघडून सेल्फ मारला तर एक्सलरेटरच्या केबलमधून धूर. इंजिनची अर्थ पट्टी तुटून लोंबत होती, आणि दीड-दोनशे अँपिअर करंट बिचाऱ्या एक्सलरेटर केबलमधून बॉडीकडे परत जात होता. पट्टी साधी होती, दीड वीत लांब. नव्या स्टार्टरचे पैसे मी परत केले, लाजेने. त्या दिवसापासून जड सेल्फची गाडी आली की पाना उचलायच्या आधी मी मीटर उचलतो.

तुमच्याकडे मीटर नसेल तर जंपर केबल तरी शेजारी ट्रॅक्टरवाल्याकडे असेल. काळ्या केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला, उचलायच्या हुकला किंवा एखाद्या जाड बोल्टला. पंखा-पट्ट्यापासून दूर ठेवा. आता सेल्फ मारा. एकदम झटक्यात फिरला तर दोष अर्थमध्ये, बाकी सगळं सोडा. काहीच फरक पडला नाही तर अर्थ निर्दोष धरा. केबल मात्र जाड हवी. दुकानात त्या बोटभर जाडीच्या दिसणाऱ्या, आत चार तारा असलेल्या केबली मिळतात, त्यांनी काही सिद्ध होत नाही.

जोड दुरुस्त करणं सोपं. निगेटिव्ह आधी काढायचा, लावताना शेवटी. पांढरा-हिरवा फुलोरा असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कप्प्यांची बुचं घट्ट लावून, सोडा आत जाऊ देऊ नका. पॉलिशपेपरने खुंटी आणि क्लॅम्प आतून चमकवा, घट्ट बसवा, मग वरून व्हॅसलिन. आधी नाही, वरून. क्लॅम्प ढिला म्हणून खिळा किंवा पत्र्याचा तुकडा ठोकलेला दिसला तर तो क्लॅम्पच फेकून द्या. खताची पोती गाडीतून नेत असाल तर हे काम वर्षातून दोनदा करा, युरियाची पूड ओल धरून जोड खाते.

समजा दोन्ही बाजूंचे आकडे चांगले आले. म्हणजे स्टार्टरच्या नटपासून त्याच्या अंगापर्यंत दहा किंवा जास्त व्होल्ट पोचत आहेत आणि तरीही जड. मग दोष स्टार्टरमध्ये किंवा इंजिनमध्ये, आणि आता तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं विचारात घ्यायचं. स्टार्टरचे कार्बन झिजतात, बुश झिजून आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, आतल्या अंगाला घासतं. असा घासणारा स्टार्टर गरम इंजिनवर जास्त रडतो, तुमचा थंडीत रडतो, म्हणून तिथे माझा संशय कमी. तो निघालाच तरी आधी उघडून बघा. कार्बन-बुशचं काम शेकड्यांत होतं, नवा स्टार्टर हजारांत जातो.

इंजिनच्या बाजूने सगळ्यांत साधं कारण म्हणजे ऑइल. तुमच्या गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० हे पातळ ऑइल लिहिलेलं आणि आत ट्रॅक्टरच्या डब्यातलं घट्ट २०डब्ल्यू-४० ओतलेलं, हे गावात सर्रास चालतं. थंड पहाटे ते काकवीसारखं होतं. अल्टरनेटरचं बेअरिंग जाम होऊनही सेल्फ जड होतो. पट्टा काढून एकदा सेल्फ मारून पाहिलं की कळतं. आणि नाल्याच्या पुरातून गाडी काढली असेल व त्यानंतर सेल्फ अडकत असेल, तर सेल्फ मारणं ताबडतोब थांबवा. सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं, जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

बॅटरी सकाळी १२.२ च्या खाली दिसली आणि आदल्या संध्याकाळी भरलेली होती, तर रात्री कुणीतरी तिचा करंट पितं आहे. झोपताना निगेटिव्ह क्लॅम्प काढून ठेवा, सकाळी लावून सेल्फ मारा. टुणकन उठली तर चोरी पक्की. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा बाहेरून लावलेली म्युझिक सिस्टीम, किंवा मागचं दार पोत्यांमुळे नीट न लागल्याने रात्रभर जळणारा डिकीतला दिवा. गाडी पूर्ण झोपल्यावर ५० मिलिअँपिअरपर्यंत गळती मान्य आहे, म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. एक अँपिअर गळत असेल तर दिवसाला २४ जातात, आणि मग चांगली बॅटरीही दोन रात्रींत मान टाकते. सकाळी बंद गाडीचा अल्टरनेटर हाताला कोमट लागला तर त्याचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला, तो रात्रभर उलटा करंट पितो.

गावातल्या वायरमनचा क्लॅम्प मीटर मागून आणणार असाल तर त्याच्यावर डीसी अँपिअर लिहिलं आहे का पाहा. त्यांच्याकडचे बहुतेक फक्त एसी मोजतात, केबलभोवती धरलात तर शून्य दाखवतील आणि तुम्ही म्हणाल करंटच नाही. जंपस्टार्ट करायची वेळ आली तर ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी चालते. ट्रकची दोन बॅटऱ्यांची २४ व्होल्टची जोडणी चुकूनही लावू नका.

तुम्ही एवढं करा. उद्या पहाटे, गाडी रात्रभर उभी असताना, चार आकडे कागदावर लिहा: सेल्फच्या आधी खुंट्यांवर किती, फिरताना खुंट्यांवर किती, निगेटिव्ह खुंटी ते स्टार्टरच्या अंगापर्यंत किती, पॉझिटिव्ह खुंटी ते स्टार्टरच्या नटपर्यंत किती. ते मला कळवा, पुढचं सांगतो. तिसरा आकडा अर्ध्याच्या वर आला तर मला विचारायचीही गरज नाही, गाडीखाली जा आणि गिअरबॉक्सची पट्टी बघा. क्लच करणाऱ्याशी भांडू नका, त्याच्याकडूनच ती नीट बसवून घ्या, फुकटात बसवून देईल.